रताळ्याच्या वेलावर सोनेरी किडा आणि पाठीवर घाण वाहणारी अळी: औषध मारू की राहू देऊ?

परसबाग_कराड

नमस्कार मंडळी. कोयनेकाठी आमचं घर आहे. मागच्या परड्यात आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पावसाच्या तोंडाला रताळ्याचं बेणं लावलं. वेल आता चांगला पसरलाय. हल्ली पानांना गोल गोल भोकं दिसायला लागली म्हणून पानं उलटून बघितली, तर दोन चीजा सापडल्या.

एक म्हणजे पानावर चिकटून बसलेला किडा. टिकलीएवढा, गोल आणि अस्सल सोनेरी. कड पारदर्शक, तिच्यातून खालचं पान दिसतं. बोट लावलं तरी पळत नाही की उडत नाही. उलट पानाला असा घट्ट बसतो की नखाने उचकटता येत नाही. मुलीने काडीने डिवचला, तर बघता बघता सोनं उतरलं आणि तो तांबूस, मळकट दिसायला लागला. थोड्या वेळाने परत सोनेरी! आम्ही दोघींनी हे समोर बसून पाहिलंय.

दुसरी चीज पानाच्या खालच्या अंगाला. हिरवट, चपटी, कडेने काटे असलेली अळी आणि तिच्या पाठीवर काळ्या घाणीचा ढीग. आधी वाटलं चिखल उडालाय. पण हात जवळ नेला की ती तो ढीग शेपटीवर उचलते आणि माझ्या बोटाकडे वळवते. डावीकडून बोट नेलं तर डावीकडे, उजवीकडून नेलं तर उजवीकडे.

आता विचारायचंय ते असं. हे दोन वेगळे किडे की एकाचीच रूपं? अळी ती घाण का वाहते? मुलीने (सहावीत आहे) अळी तळहातावर घेतली होती, विषारी नाही ना? आणि जमिनीत रताळी पोसायला लागली की त्यांना याचा धोका आहे का? शेजारचे काका म्हणतात सरळ औषध मारून मोकळ्या व्हा. आत्या म्हणतात, रताळी काढल्यावर वेल म्हशीला घालायचाय, औषध अजिबात मारायचं नाही.

माणदेशी_पोरगा

आमच्याकडे म्हसवडच्या बाजूला ओढ्यातल्या बेशरमावर असलेच, पण मोठे किडे पावसाळ्यात ढिगाने असतात. पिवळ्यावर काळे ठिपके. पार चाळण करून टाकतात पानांची. शेरडं त्या झाडाला सहसा तोंड लावत नाहीत, मग हे किडे कसं काय पचवतात? कुणाला माहीत असेल तर याचंही उत्तर द्या.

येरळाकाठ

ताई, तुम्ही जे टिपलंय ते बघून फार बरं वाटलं. घाणीचा ढीग बोटाच्या बाजूला वळतो, हे बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतं. माझी तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. बागेतल्या उडद्याच्या (द्राक्षाचे फुगलेले डोळे कोरणारा बारका भुंगेरा) मागे लागता लागता पानं खाणाऱ्या सगळ्याच भुंगेऱ्यांचा नाद लागला. येरळेच्या काठाला बेशरम माजलंय, तिथे हे लोक मला वर्षानुवर्षं भेटतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दोन्ही एकच. सोनेरी तो मोठा झालेला भुंगेरा आणि घाणवाली ती त्याची अळी. याला कासव भुंगेरा म्हणतात. पानं खाणाऱ्या भुंगेऱ्यांचं क्रायसोमेलिडी नावाचं प्रचंड कूळ आहे, जगभरात ३५ हजारांवर जाती नोंदलेल्या आहेत. कासव भुंगेरे त्यातल्याच कॅसिडिनी या शाखेतले.

आता घाण. अळीच्या शेपटाला लांब बेचकं असतं. कात टाकली की ती जुनी कात सोडून देत नाही, सरकवत सरकवत त्या बेचक्यावर नेते. पुढची कात टाकली की तीही तिथेच. त्यावर स्वतःची विष्ठा. तिला गुदद्वार बरंच बाहेर काढता येतं आणि हवं तिकडे वळवता येतं, त्यामुळे विष्ठा नेमकी बेचक्यावर पडते, इकडेतिकडे नाही. बेचकं बुडाशी हलतं. म्हणजे अंगावर झाकून ठेवायची, उचलायची, फिरवायची अशी ती ढाल आहे. मुंगीने एका कडेला चावायला तोंड लावलं की अळी ती ढाल त्याच कडेला आणून मुंगीच्या तोंडावर दाबते. मुंगी मागे सरते आणि मिशा, तोंड पुसत बसते.

कॉर्नेल विद्यापीठातले थॉमस आयस्नर आणि त्यांचे सहकारी यांनी १९६७ साली काटेरी झुडपांवर राहणाऱ्या एका युरोपीय कासव भुंगेऱ्यावर हे नीट तपासून ‘सायन्स’मध्ये छापलं. ढाल शाबूत असलेल्या अळीपासून मुंग्या मागे फिरल्या. ढाल काढून घेतलेली अळी मात्र त्यांच्या तावडीत सापडली. आयस्नर यांनी उभी हयात किडे आपला जीव कसा वाचवतात हेच बघण्यात घालवली. हा विषय आवडत असेल तर त्यांचं नाव मुलीला लिहून द्या.

आणि घाण म्हणजे नुसता अडसर नाही बरं का. झाडाने किड्यांना दूर ठेवायला पानात जी कडू-उग्र द्रव्यं भरलेली असतात, ती अळीच्या पोटातून या विष्ठेत उतरतात. अमेरिकेत एका जातीच्या ढाली धुऊन त्यातली द्रव्यं काढून टाकली आणि परत अळीवर चढवल्या. आकार तोच, वजन जवळपास तेच, पण मुंग्या जुमानेनात. मला ही गोष्ट विलक्षण वाटते. झाडाने अळीविरुद्ध बनवलेलं हत्यार अळीने मुंगीविरुद्ध फिरवलं! आणि त्यासाठी वेगळं काही कमवावं लागलं नाही, जे टाकून द्यायचं तेच वापरलं.

पण ही ढाल मुंगीसाठी आहे, हे लक्षात ठेवा. चालत येणारा, तोंडाने चाचपणारा, लहान शत्रू. युरोपात त्याच काटेरी झुडपांवरच्या अळ्या गांधीलमाश्या ढालीसकट उचलून नेतात. तुमच्या परड्यात कुठे वळचणीला गांधीलमाशीचं पोळं असेल तर जाळू नका, वेलावरच्या अळ्या तीच कमी करील.

मोठ्या भुंगेऱ्याकडे ढाल नाही, त्याची रीत वेगळी. धोका दिसला की पाय, डोकं, मिशा सगळं कवचाखाली घेतो आणि कवचाची पसरट कड पानाला टेकवतो. मुंगीला दात लावायला कुठे कडाच सापडत नाही. तुमच्या नखालाही सापडली नाही ती याचमुळे. तो पानाला धरून किती बसतो, त्याचंही मोजमाप झालंय. फ्लोरिडात ताडाच्या जातीच्या एका झुडपावर निळा कासव भुंगेरा असतो. त्याच्या सहा पायांच्या तळव्यांना मिळून साधारण ६० हजार सूक्ष्म केसटोकं असतात आणि त्यांना तेलाचा पातळ थर. चालताना तो त्यातली थोडीच टेकवतो. मुंगी आली की सगळी. मग स्वतःच्या वजनाच्या ६० पट ओढ तो दोन मिनिटं सहन करतो. हेही आयस्नर यांचंच काम, २००० सालचं.

सोनं उतरतं आणि चढतं, हे तुम्हाला भास झालेला नाही. पिवळ्याधमक रंगाचा लेप वगैरे काही त्याच्या अंगावर नसतो. कवचात एकावर एक पातळ थर असतात आणि त्यांच्यात ओल असते. ओल असेतो थर गुळगुळीत राहतात आणि त्यांच्यावरून उजेड सोनेरी होऊन परततो. किड्याने ओल आत ओढली की थर निस्तेज, आरपार होतात आणि खालचा तांबूस रंग दिसतो. पनामातल्या अशाच एका जातीवर २००७ साली हे उलगडलं गेलं. ओल परत भरली की सोनं परत. मेलेल्या किड्यात ओल वाळते, म्हणून संग्रहालयात टाचणीला लावलेले कासव भुंगेरे तपकिरी पडलेले असतात. मुलीला सोनं जपायचं असेल तर किडा जिवंतच हवा.

माणदेशी, तुमचे ते पिवळे ठिपकेवाले म्हणजे ॲस्पिडोमॉर्फा मिलिआरिस. मादी पानाला कागदी पापुद्र्यांच्या पुडक्यात अंडी चिकटवते, ती शोधून बघा. अळ्या घोळक्याने राहतात. बेशरम दक्षिण अमेरिकेतून आलेलं, भुंगेरा आपल्या इकडचा. पण बेशरम, रताळं आणि तळ्यातली नाळीची भाजी ही तिन्ही आयपोमिया या एकाच वंशातली. नाळीच्या भाजीवर जगणाऱ्याला बेशरम परकं वाटलं नाही. शेरडांना मात्र ते बाधतं, कारण त्यात स्वेनसोनीन नावाचं द्रव्य असतं. दुष्काळात खायला दुसरं काही नसलं आणि शेरडू तेच खात राहिलं तर मान डुलायला लागते, पाय लटपटतात.

ताई, विषाचं. तुमच्याकडची अळी हातावर घेतल्याने काही होत नाही, साबणाने हात धुवायला सांगा म्हणजे झालं. याच मोठ्या कुळात आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटाकडचा डायाम्फिडिया नावाचा भुंगेरा आहे. तिथले सान लोक त्याच्या अळ्या जमिनीतून उकरून त्यांचा रस बाणाला लावून शिकार करतात. तेवढा एक अपवाद मुलीला सांगण्याजोगा आहे, पण तो आपल्या देशात नाही.

रताळ्याला धोका याचा नाही. हा फक्त पानं खातो आणि एवढ्या पसरलेल्या वेलाला ती तूट भरून काढता येते. रताळ्याचा खरा वैरी सोंड्या. निळसर काळा, मधे तांबडा, लांब तोंडाचा, बघणाऱ्याला मुंगीच वाटावी असा. त्याची अळी वेलाच्या बुडातून आणि मातीच्या भेगांतून रताळ्यात शिरते आणि रताळं कडू होतं. तेव्हा पानांवर औषध मारण्यापेक्षा बुडाला मातीची भर द्या, भेगा उघड्या राहू देऊ नका आणि काढणीनंतर बारकी रताळी, बुडखे रानात सोडू नका. पानांवरच्या अळ्या जास्तच वाटल्या तर पानासकट खुडा. म्हशीच्या तोंडी जाणाऱ्या वेलाबद्दल आत्या बोलतात ते अगदी योग्य आहे.

मिरज_पूर्व_बागायत

येरळाकाठ भाऊ, उडद्याचं नाव काढलंत म्हणून विचारतो. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर काडीवरचे डोळे (कोंब फुटायच्या जागा) फुगले की हा येतोच. औषध मारतो, दुसऱ्या दिवशी परत आहेच. हात लावला की गायब. हाही याच कुळातला का?

येरळाकाठ

याच कुळातला, दुसऱ्या शाखेतला. स्केलोडोन्टा स्ट्रिजिकोलिस. चार-साडेचार मिलिमीटरचा, तांबूस झळाळीचा, पंखांवर काळसर ठिपके. नुकसान किती करतो ते तुम्हाला सांगायला नको. फुगलेला डोळा त्याने कोरला की त्या काडीचा घड गेला.

कासव भुंगेरा धरून बसतो, हा बरोबर उलटं करतो. फांदीला धक्का लागला की पाय आकसतो आणि सरळ खाली पडतो. मग मातीत निपचित पडून राहतो. त्याचा रंग मातीत असा मिसळतो की बघत राहिलं तरी सापडत नाही. धोका टळला की परत वर. माझ्या बागेत मी बघितलंय, ट्रॅक्टरचा ब्लोअर ओळीत शिरला की थरथरीनेच निम्मे खाली येतात. औषध पानाला आणि काडीला लागतं, किडा जमिनीवर. उरलेले ओलांड्याच्या (तारेवर आडव्या वळवलेल्या जाड फांदीच्या) सुटलेल्या सालीखाली असतात, तिथे फवारा पोचत नाही. अंडीही तो सालीखालीच घालतो. अळ्या जमिनीत मुळांवर वाढतात आणि कोषही जमिनीतच होतो.

म्हणून मी दोन कामं करतो. छाटणी झाली की ओलांड्यावरची आणि खोडावरची सुटी साल काढून बागेबाहेर नेऊन जाळतो. आणि डोळे फुगल्यापासून पोंगा अवस्थेपर्यंत (कोवळा कोंब निघतो, पण पानं उलगडलेली नसतात) सकाळच्या गारव्यात, किडा सुस्त असताना, वेलाखाली उलटी छत्री धरून तार हलवायची. मातीऐवजी तो छत्रीत पडतो आणि निपचित पडल्यामुळे पळतही नाही. छत्री रॉकेल घातलेल्या पाण्याच्या बादलीत झटकायची. आमच्या वडिलांच्या काळी धोतराचं फडकं अंथरून हेच करायचे. कष्टाचं आहे, मोठ्या बागेला माणसं लागतात, पण ज्या सवयीने तो औषधातून वाचतो त्याच सवयीने तो छत्रीत येतो. औषध बंद करा असं माझं म्हणणं नाही. साल काढून आणि किडे झाडून घेऊन मग जे लागेल ते तुमच्या भागातल्या कृषी विज्ञान केंद्राला विचारून मारा.

अजिंक्यतारा_पायथा

सातारकरांसाठी थोडी भर. गाजर गवतावर पावसाळ्यात दिसणारे मळकट पांढऱ्या पाठीवर काळ्या नागमोडी रेषा असलेले मेक्सिकन भुंगेही याच कुळातले आहेत. गाजर गवत १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं. ते खायला हे भुंगे १९८३ मध्ये मेक्सिकोहून बेंगळुरूला आणले, तपासण्या करून १९८४ मध्ये सोडले. हात लावला की हेही टपकन खाली पडतात. पाऊस सरला की जमिनीत जाऊन बसतात आणि पुढच्या पावसात वर येतात. आमच्या कॉलनीत लोक त्यांना बघून घाबरून औषध मारतात. कृपा करून मारू नका, ते आपलंच काम करतायत.

परसबाग_कराड

येरळाकाठ दादा, तुमचं उत्तर मी आत्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. सोंड्याचं वर्णन ऐकून त्या लगेच म्हणाल्या की मागच्या वर्षी महाशिवरात्रीला उकडलेली रताळी कडू लागली होती ती याचमुळे. आज बुडाला माती ओढून घेतली. औषध मारणार नाही.

अजून एक. वेलाशेजारी दोडका आहे. त्याच्या पानावर तांबडे-नारिंगी लांबट भुंगेरे आहेत. ते आधी पानावर एक गोल चर कोरतात, मग त्या गोलाच्या आतलंच खातात. हे काय? आणि शेजारच्या कारल्यावर एकही नाही.

येरळाकाठ

तो तांबडा भुंगेरा, काकडीवर्गीय पिकांवरचा. हासुद्धा याच कुळातला! त्याची गोष्ट वेगळी, कारण इथे शत्रू मुंगी नाही, खुद्द झाड आहे. दोडका, भोपळा, काकडी यांचं पान एका जागी कुरतडलं की वेल त्या जागेकडे चिकट, कडवट रस सोडतो. खाणाऱ्याचं तोंड चिकटतं, चव बिघडते. म्हणून या वंशातले भुंगेरे आधी गोल चर पाडतात, शिरा तोडतात. त्यामुळे बाहेरून रस आत येत नाही आणि मधलं पान निवांत खाता येतं. तुमच्या मुलीला एक करायला सांगा: चर पूर्ण झाल्यावर गोलाच्या आत आणि बाहेर सुईने टोचायचं आणि रस कुठे येतो ते बघायचं.

कारल्याला तो सहसा शिवत नाही. दोडका मोठा असेल तर काळजी नाही, पण दोन-चार पानांचं रोप असेल तर तो सगळंच संपवतो, शिवाय अळी मुळं खाते. रोपाभोवती माती हलवा, सकाळी सकाळी हाताने वेचा. हा छत्रीत पडायची वाट बघत नाही, ऊन चढलं की उडतो.

परसबाग_कराड

सुई टोचून बघतो आम्ही आजच. मुलीने त्या घाणवाल्या अळ्या रताळ्याच्या पानांसकट काचेच्या बरणीत ठेवल्यात. त्यांचा भुंगेरा होईपर्यंत सांभाळायचंय म्हणते. बरणीत माती घालावी लागेल का? आणि झाकणाला भोकं किती पाडायची?

येरळाकाठ

माती नको. उडद्याचा कोष जमिनीत होतो, पण कासव भुंगेऱ्याचा पानावरच होतो. अळी पानाला चिकटून स्थिर झाली की ते पान वाळलं तरी ओढून काढू नका. तोवर रोज ताजं पान द्या, फक्त रताळ्याचंच, दुसऱ्या कशाचं चालणार नाही. ढाल मुद्दाम पुसून काढू नका, पण काडीच्या टोकाने डाव्या-उजव्या अंगाला हळूच टोचून ती कुठे वळते ते वहीत काढून ठेवा. नवा भुंगेरा निघाला की तो फिकट असेल, घाबरू नका, सोनं चढायला काही दिवस लागतात.

झाकणाला भोकं पाडण्यापेक्षा झाकणच काढा आणि तोंडाला सुती फडकं बांधा. बंद बरणीत पानांचं पाणी सुटतं आणि बुरशी धरते. तळाशी वर्तमानपत्राचा कागद घाला, रोज बदला.